पाच माणसांची गाडी किती खाली बसवावी : सोलापुरातील एका स्विफ्टच्या स्प्रिंग-निवडीचा प्रकरण अभ्यास

माझ्या भाच्याकडे २०१९ सालची पेट्रोल स्विफ्ट आहे. गाडी तिसऱ्या पिढीची, १८५/६५ आर १५ टायरांची आणि या कामाच्या वेळी ६८,००० किमी चाललेली होती. तो जुळे सोलापुरात राहतो आणि चिंचोळीच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो, त्यामुळे महिन्यातले पंचवीस दिवस गाडीत तो एकटाच असतो. मात्र महिन्यातून एकदा तो स्वतः, त्याची आजी, म्हणजे माझ्या बहिणीच्या सासूबाई, आणि घरची आणखी तिघे अशी पाच माणसे डबे-पिशव्यांसह अक्कलकोटला आणि तिथून पुढे गाणगापूरला जातात. मी पदविकेच्या विद्यार्थ्यांना वाहन अभियांत्रिकी शिकवतो, हे त्याला ठाऊक असल्यामुळे एका रविवारी तो गाडी घेऊन दारात आला आणि म्हणाला, "मामा, चाकावरची ही फट बघवत नाही. दोन इंच खाली घ्यायची आहे, स्प्रिंग कुठली घालू तेवढं सांगा."

दोन इंच हा आकडा कुठून आला, असे विचारल्यावर त्याने मोबाईलवर एक छायाचित्र दाखवले. त्यातली गाडी सपाट फरशीवर उभी होती आणि आत कोणी बसलेले नव्हते. पुढच्या सगळ्या कामाची दिशा या निरीक्षणाने ठरली. गाडी किती खाली घ्यायची हा प्रश्न दिसण्याचा म्हणून विचारला जातो. उत्तर मात्र चाकाला वर सरकायला किती जागा उरते यावर ठरते. स्प्रिंग पूर्ण दबण्याच्या आधी चाक ज्या रबरी बफरला, म्हणजे बंप स्टॉपला, टेकते, तिथपर्यंतच्या अंतराला या लेखात मी 'मोकळीक' म्हणणार आहे. गाडी खाली बसवणे म्हणजे ही मोकळीक आधीच खर्च करून टाकणे होय.

म्हणून स्प्रिंगांच्या याद्या चाळण्याआधी आम्ही गाडी मोजली. अक्कलकोट रस्त्यावरच्या एका वजनकाट्यावर आधी फक्त पुढची चाके चढवून आणि नंतर फक्त मागची ठेवून दोन्ही आसांवरचे भार घेतले. काटेवाल्याने उसाच्या ट्रॉल्यांमधून वाट काढत आलेली ही छोटी गाडी पाहून पावती कोणत्या मालाच्या नावाने फाडू, असे विचारले; त्यावर भाच्याने 'नातेवाईक' असे सांगितले. रिकाम्या गाडीत पुढे ५४५ किलो आणि मागे ३४० किलो भरले. पाच माणसे आणि नेहमीचे सामान घेऊन पुढचा आकडा ६४० आणि मागचा ६१० झाला. याचा अर्थ पुढे ९५ किलोची, तर मागे २७० किलोची वाढ झाली. छोट्या गाडीत मागच्या आसावरचा भार असा पावणेदोन पट होतो, आणि मागची स्प्रिंग निवडणे अवघड जाते ते याच कारणाने.

उंची मोजताना टायर आणि पत्रा यांच्यातली फट मोजू नये, कारण टायरमधली हवा आणि टायरची झीज त्यात मिसळते. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर घ्यावे. पाच माणसे बसल्यावर पुढचे हे अंतर २५ मिमीने कमी झाले आणि मागचे ६६ मिमीने. मग एका बाजूची स्प्रिंग काढून, चाक जॅकने उचलत बंप स्टॉपला टेकवले आणि पुन्हा तेच अंतर घेतले. रिकाम्या गाडीत पुढे ६५ मिमी आणि मागे ९० मिमी मोकळीक होती. भरलेल्या गाडीत ती पुढे ४० आणि मागे अवघी २४ मिमी उरत होती. कंपनीने बसवलेल्या मूळ स्प्रिंगांवर, कोणीही काहीही न बदलता, गाणगापूरच्या वाटेवर मागच्या चाकांना एका इंचाहून कमी जागा होती, हे पाहून भाचा थोडा गप्प झाला.

आता दोन इंचांचा हिशेब करणे सोपे होते. गाडी ५० मिमी खाली घेतली तर पुढे रिकाम्या अवस्थेतच १५ मिमी उरतात. मागे ४० उरतात आणि पाच माणसांना मूळ स्प्रिंगवर ६६ लागतात; म्हणजे गाडी रस्त्यावर निघण्याआधीच रबरावर बसलेली असणार. त्यावर कडक स्प्रिंग घालावी, असे उत्तर दिले जाते आणि ते चूक नाही, पण किती कडक घालायची हे आकड्यात पाहिले पाहिजे. मागच्या प्रत्येक चाकावर १३५ किलो, म्हणजे सुमारे १,३२४ न्यूटन, भार वाढतो. ४० मिमी मोकळिकीतून १६ मिमी राखून ठेवायचे असतील, तर हा भार २४ मिमीमध्ये पेलावा लागेल. त्यासाठी चाकापाशी मिलिमीटरला ५५ न्यूटन इतका कडकपणा हवा. मूळचा २० आहे. चाक-टायरसारखे स्प्रिंगखालचे भाग वगळून, रिकाम्या गाडीत मागच्या प्रत्येक स्प्रिंगवर तोललेले वस्तुमान साधारण १३५ किलो धरले, तर ५५ च्या स्प्रिंगवर गाडीचा मागचा भाग सेकंदाला ३.२ वेळा हेलकावण्याच्या वारंवारतेचा होतो. सर्वसाधारण मोटारी १ ते १.५ हर्ट्झच्या आसपास आणि खेळकर गाड्या दोनच्या आतबाहेर असतात. ३.२ हर्ट्झची गाडी शर्यतीच्या गुळगुळीत मार्गावर शोभेल, होटगी रोडवर नाही.

दोन इंच इथेच बाद झाले. भाच्याने ते लगेच मान्य केले असे नाही. मधल्या आठवड्यात तो दोन गॅरेजांमध्ये विचारून आला आणि तीन नवे मार्ग घेऊन आला.

पहिला मार्ग वेटोळे कापण्याचा होता. खर्च जवळजवळ शून्य, काम दोन तासांचे. आम्ही पुढच्या स्प्रिंगची तार ११.५ मिमी, वेटोळ्याचा मध्यव्यास १३० मिमी आणि काम करणारी वेटोळी चार, अशी मापे घेतली होती. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो आणि वेटोळ्याच्या व्यासाच्या तिसऱ्या घाताने व वेटोळ्यांच्या संख्येने घटतो. पोलादाचा कर्तन स्थिरांक, म्हणजे पिळाला होणारा त्याचा विरोध, धरून हिशेब केल्यावर मूळ स्प्रिंग १९.५ न्यूटन प्रति मिमी निघते. एक वेटोळे कापले की चारांच्या जागी तीन उरतात आणि ती २६ ची होते. गाडी किती खाली येईल, तर भाराखाली उभ्या असलेल्या स्प्रिंगच्या दोन वेटोळ्यांमध्ये जितके अंतर दिसते तितकी. इथे ते ४५ मिमी होते. म्हणजे किती खाली आणि किती कडक हे दोन्ही आकडे आपण निवडत नाही, कापणारी आरी निवडते. याहून वाईट बाब टोकाची आहे. स्प्रिंगचे शेवटचे वेटोळे बैठकीच्या खाचेत बसेल असे वळवलेले असते. कापलेले टोक तिथे नीट बसत नाही, आणि चाक खड्ड्यात पूर्ण लोंबले की आखूड झालेली स्प्रिंग सैल पडून जागेवरून सरकू शकते. गॅसच्या ज्योतीने स्प्रिंग तापवून 'बसवणे' हा याच मार्गाचा भाऊबंद आहे. पोलादाला पाणी देऊन नंतर मध्यम तापमानाला जो चिवटपणा आणलेला असतो, तो लालबुंद तापवल्यावर निघून जातो, आणि अशी स्प्रिंग नंतर कुठवर खचेल याचा नेम राहत नाही. या दोन्ही प्रकारांवर मी चर्चाच करू दिली नाही.

दुसरा मार्ग ट्रक-ट्रॉलीच्या कमानपाट्यांचे काम करणाऱ्या एका कारागिराकडून हव्या त्या मापाची स्प्रिंग वळवून घेण्याचा होता. या कारागिरांच्या हाताबद्दल मला आदर आहे. तरीही मोटारीच्या स्प्रिंगची तार लाखो वेळा पिळली जाते आणि तिच्या पृष्ठभागावरचा लहानसा ओरखडाही पुढे तडा होतो. त्यासाठी कारखान्यात तारेवर बारीक पोलादी छऱ्यांचा मारा करून पृष्ठभागात दाबाचा ताण भरतात, आणि तयार स्प्रिंग एकदा पूर्ण दाबून तिचे खचणे आधीच उरकून घेतात. या दोन्ही प्रक्रिया इथे होणार नव्हत्या.

तिसरा मार्ग उंची बदलता येणाऱ्या कॉइलओव्हरचा, म्हणजे आटे असलेल्या शॉकअपवर स्प्रिंगची बैठक वर-खाली फिरवता येणाऱ्या संचाचा. तांत्रिकदृष्ट्या यात दोष नाही. भाच्याला मिळालेले दरपत्रक मात्र साध्या स्प्रिंग-संचाच्या जवळजवळ चौपट होते. शिवाय पावसाळ्यात आपली काळी चिकण माती त्या आट्यांमध्ये भरून सुकली की समायोजनाची कडी जागची हलत नाही. जो माणूस उंची एकदाच ठरवणार आहे, त्याने बदलण्याच्या सोयीचे पैसे का द्यावेत, हा माझा प्रश्न होता. त्याच्याकडे उत्तर नव्हते.

उरला तयार लोअरिंग स्प्रिंगांचा मार्ग, ज्यात मूळ शॉकअप ठेवून फक्त स्प्रिंग बदलतात. यात बाजारात मुख्यत्वे दोन स्वभावाच्या स्प्रिंग मिळतात. सरळ स्वभावाच्या स्प्रिंगचा कडकपणा सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच असतो. चढत्या स्वभावाच्या स्प्रिंगमध्ये काही वेटोळी जवळजवळ वळवलेली असतात. भार वाढला की ती एकमेकांवर टेकून निकामी होतात, काम करणाऱ्या वेटोळ्यांची संख्या घटते आणि स्प्रिंग कडक होत जाते. जाहिरातीत चढती स्प्रिंग सरसकट चांगली म्हणून विकली जाते. माझे मत तसे नाही. पुढच्या चाकांवरचा भार एकटा चालक आणि पाच माणसे यांत फारसा बदलत नाही, म्हणून पुढे सरळ स्प्रिंग पुरते आणि वळणावर तिचे वागणे अधिक सुबोध असते. मागे मात्र चढत्या स्प्रिंगला खरे काम आहे.

तो हिशेब असा. मागे २० मिमी खाली घेतले तर रिकाम्या गाडीत ७० मिमी मोकळीक राहते. २६ न्यूटनची सरळ स्प्रिंग घातली, तर पाच माणसांना ५१ मिमी लागून १९ शिल्लक राहतात, जे मूळच्या २४ च्या जवळ आहे. पण तीच स्प्रिंग रिकाम्या गाडीत २.२ हर्ट्झची होते, मूळची १.९ होती. रोज एकट्याने जाणाऱ्याला ती खडखडीत वाटणार. २० पासून सुरू होऊन पूर्ण भाराला २८ पर्यंत चढणारी स्प्रिंग घेतली, तर रिकाम्या गाडीत मागचा भाग मूळ गाडीसारखाच राहतो, पाच माणसांना सुमारे ५४ मिमी लागतात आणि १६ मिमी उरतात. तीन मिलिमीटर गमावून रोजचा प्रवास वाचतो. पुढे २५ मिमी खाली आणि २३ न्यूटनची सरळ स्प्रिंग, असे ठरले. तिथे भरलेल्या गाडीत सुमारे १९ मिमी उरतात आणि रिकाम्या गाडीची वारंवारता १.४ वरून १.५ हर्ट्झवर जाते.

पुढचे आणि मागचे आकडे एकत्र तपासणे आवश्यक होते. १९३० च्या दशकात जनरल मोटर्समध्ये मॉरिस ओली यांनी दाखवून दिले की मागची वारंवारता पुढच्यापेक्षा थोडी जास्त असावी, कारण उंचवट्यावर आधी पुढची चाके चढतात आणि मागच्या भागाने उशिरा सुरू होऊनही पुढच्याला गाठले, तर गाडी नाव डोलावी तशी पुढे-मागे डोलत नाही. आमच्या निवडीत भरलेल्या अवस्थेतही पुढे १.४ आणि मागे १.६ हर्ट्झ राहत होते. फक्त पुढच्याच स्प्रिंगा बदलून पैसे वाचवू पाहणाऱ्यांनी हा हिशेब जरूर करून पाहावा.

पंचवीस मिलिमीटरवर थांबण्याचे आणखी एक कारण पुढच्या लोअर आर्ममध्ये, म्हणजे चाकाला खालून गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्यात, आहे. मॅकफर्सन स्ट्रटच्या, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात असलेल्या, मांडणीत हा आर्म मूळ गाडीत चाकाकडे किंचित खाली उतरता असतो. आम्ही मोजला तेव्हा तो उतार ५ अंश होता. सुमारे ३३० मिमी लांबीच्या आर्मला २५ मिमी म्हणजे सव्वाचार अंश, त्यामुळे तो जवळजवळ आडवा झाला. ५० मिमी खाली घेतले असते तर तो उलट दिशेला, चाकाकडे चढता झाला असता. अशा वेळी गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलंडते तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षा अधिक वेगाने खाली जातो आणि गाडी खाली असूनही वळणावर जास्त झुकू पाहते. खाली बसवलेली गाडी आपोआप चांगली वळते, ही समजूत इथे फसते.

टायरचा विषयही निघाला होता. भाच्याला १९५/५० आर १६ टायर हवे होते. त्यांचा बाहेरचा व्यास ६०१ मिमी, मूळचा ६२१. म्हणजे गाडी आणखी १० मिमी खाली येते आणि मडगार्डची फट मात्र १० मिमीने वाढते, ज्या फटीसाठी हा सगळा खटाटोप होता. हा मुद्दा त्याला हिशेबाशिवायच पटला.

गतिरोधकांचा विचार मी शेवटी ठेवला होता, कारण त्यात आपल्या हाती काहीच नसते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या शिफारशीनुसार गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळखंडाचा असावा. स्विफ्टच्या दोन आसांमधले अंतर २.४५ मीटर आहे, त्यामुळे अशा गतिरोधकावर तिची चारही चाके एकाच वेळी उभी राहतात आणि पोटाखाली फक्त ४४ मिमीचा फुगवटा येतो. नियमाने बांधलेला गतिरोधक खाली बसवलेल्या घरगुती गाडीलाही सहसा घासणार नाही. घासतो तो गल्लीतल्या लोकांनी उरलेल्या काँक्रीटचा घातलेला हातभर रुंदीचा बांध. भाच्याच्या गल्लीच्या तोंडाशी असा एक आहे. पट्टी लावून मोजला तर १०८ मिमी भरला. गाडीच्या पोटाखालचा सर्वांत खालचा भाग, साधारण मधोमध असलेला सायलेन्सरचा पाइप, रिकाम्या गाडीत जमिनीपासून १६० मिमीवर होता आणि पाच माणसे बसल्यावर ११५ वर. नव्या स्प्रिंगांवर हेच आकडे १३७ आणि १०० होणार होते. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की रिकामी गाडी २३ मिमी खाली येते, तर भरलेली १५ मिमीच, कारण कडक स्प्रिंग भाराखाली कमी दबते. तरी १०८ पेक्षा १०० कमीच. हे मी त्याला लिहून दिले.

कायद्याची बाजूही स्पष्ट केली. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे ठरतील असे फेरफार करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही भूमिका अधोरेखित केली, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ नुसार अनुज्ञेय नसलेल्या प्रत्येक फेरफारासाठी मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. वजन किंवा आसांमधले अंतर यांप्रमाणे स्प्रिंगचा कडकपणा प्रमाणपत्रात लिहिलेला नसतो, म्हणून आपण मोकळे आहोत असे समजणे धाडसाचे ठरेल. एम.एच. १३ च्या, म्हणजे सोलापूरच्या, आरटीओ कार्यालयात आधी विचारावे, विमा कंपनीला बदल लेखी कळवावा आणि मूळ स्प्रिंगा जपून ठेवाव्यात, असे मी सुचवले. त्या आता माझ्या बहिणीच्या माळ्यावर, चादरीत गुंडाळून ठेवलेल्या आहेत.

बसवताना दोन गोष्टी घडल्या. डाव्या पुढच्या शॉकअपच्या सीलमधून तेल पाझरून त्यावर धुळीचा थर बसलेला आढळला. पुढची स्प्रिंग अठरा टक्के कडक होणार होती. कडकपणा इतका वाढला की दमन, म्हणजे हेलकावे आवरण्याची शॉकअपची ताकद, वर्गमुळाच्या हिशेबाने नऊ टक्के अधिक लागते, जे सुस्थितीतला मूळ शॉकअप सांभाळतो, पाझरणारा नाही. म्हणून पुढचे दोन्ही शॉकअप नवे घातले आणि खर्च बराच वाढला. दुसरी गोष्ट मिस्त्रींशी झालेल्या वादाची. त्यांनी गाडी लिफ्टवर, चाके लोंबत असतानाच लोअर आर्मच्या आणि मागची दोन्ही चाके जोडणाऱ्या बीमच्या बुशांचे, म्हणजे रबरी सांध्यांचे, बोल्ट आवळायला घेतले. बुशचे रबर ज्या स्थितीत आवळले जाते ती त्याची विश्रांतीची स्थिती ठरते. लोंबत्या अवस्थेत आवळले तर गाडी खाली उतरल्यावर ते कायमचे पिळलेले राहून लवकर फाटते. "सर, वीस वर्षं असंच आवळतोय," असे ते म्हणाले, पण गाडी चाकांवर उभी करून, मागे पाण्याचे कॅन ठेवून, बोल्ट पुन्हा सैल करून आवळू दिले, हा त्यांचा मोठेपणा. बंप स्टॉप कापून मोकळीक वाढवण्याची सूचनाही तिथे आली. मागचे रबर हे भरलेल्या गाडीत दुसऱ्या स्प्रिंगचे काम करते, म्हणून ते तसेच ठेवले.

पहिल्या दिवशी गाडी पुढे २२ आणि मागे १७ मिमी खाली आली. ६०० किमी चालल्यावर ती २५ आणि २० वर स्थिरावली, आणि मगच अलाइनमेंट केले. पुढचा कँबर, म्हणजे समोरून पाहता चाकाचा उभा कल, उणे ०.२ अंशावरून उणे ०.६ वर गेला होता, तो तसाच ठेवला. बिघडलेला टो, म्हणजे वरून पाहता चाकांचा आत-बाहेर वळलेला कोन, मात्र मूळ मापावर आणला, कारण टायर त्यानेच खाल्ले जातात. हेडलाइटचा झोतही पुन्हा लावून घेतला.

मागच्या शॉकअपच्या दांड्यावर एक केबल टाय घट्ट बसवून ठेवली होती. चाक वर जाईल तितकी ती सरकते आणि तिथेच राहते. चिंचोळीच्या रोजच्या फेऱ्यांमध्ये ती बंप स्टॉपपासून ३० मिमी अलीकडेच थांबली. गाणगापूरच्या फेरीनंतर ती रबरात १२ मिमी शिरलेली आढळली, म्हणजे रबर काम करत होते, पण त्याच्या टोकापर्यंत गोष्ट गेली नव्हती. आजींना फरक कळला का, असे मी मुद्दाम विचारले. त्यांनी गाडीत चढताना गुडघा कमी दुखतो एवढेच सांगितले. हा निकष माझ्या हिशेबात कुठेच नव्हता.

मडगार्डची फट पुढे ७५ वरून ५० मिमी झाली आहे. भाच्याला ती अजून दहा मिलिमीटरने जास्त वाटते आणि ते तो दर भेटीत सांगतो. गल्लीच्या बांधावर हिशेबाप्रमाणेच घडते. एकटा असताना तो सावकाश सहज पार करतो. पाच माणसे असली की मागच्या आसनावरची दोघे आधी उतरतात, त्यामुळे पाइप सुमारे १२ मिमी वर येतो आणि गाडी चार मिलिमीटर राखून पलीकडे जाते. आजी आत बसून राहतात.